पांढऱ्या मुठीचं पिस्तूल

२४ फेब्रुवारी १९६४, बर दुबई

आज ऑफिसात पिस्तुलं आली. नमुने म्हणून. अरबाबने, म्हणजे आमच्या अरब मालकाने, पेटी माझ्याच टेबलावर ठेवली, यावरून काय ते समजावं. (याकूबच्या टेबलावर चहा सांडलेला होता, पण तो योगायोग.)

तीन नमुने. तिन्ही स्वस्तातली. अरबाब म्हणाला, "देखो, ये मारने के वास्ते नहीं है. शादी में, ईद में कमर पे लगाने का. तुम हिंदी लोग सिनेमा देखता है. बोलो, कौनसा अच्छा दिखता है?"

हा प्रश्न अख्ख्या खाडीकाठावर ज्याला विचारायला हवा त्यालाच विचारला गेला. मला रूप कळतं. दुकानाच्या पाटीचा हिरवा रंग माझ्याच पसंतीचा. लोक म्हणतात दवाखाना वाटतो. म्हणजे विश्वास वाटतो.

मी पाहताक्षणी पांढऱ्या मुठीचं उचललं. चकचकीत निकेल, नळीवर वेलबुट्टी, मुठीवर मोत्याची झाक. मोती नाही, प्लास्टिक आहे. पण झाक आहे.

याकूबने काळं उचललं. याकूब म्हणजे सेकंड क्लार्क, दाभोळचा, मला ज्युनियर. त्याला ते काळं आवडलं यात नवल नाही. आखूड, बसकं, चॉकलेटी मुठीचं. भरताचं वांगं.

तिसरं लांब आणि बारीक. बगळा. त्याचा विचारच नको.

अरबाब म्हणाला, तुम्ही दोघं ठरवा. ज्याचा माल चालेल, त्याला खाडीपलीकडे देऱ्याचं नवं दुकान सांभाळायला देईन. दुकानावर पक्की खोली आहे. पंख्यासकट.

मी मनातल्या मनात त्या खोलीत सामान लावून टाकलं.

२५ फेब्रुवारी

याकूबशी चर्चा. मी मुद्देसूद बोललो. पिस्तूल कमरेला लागणार, अरबांचा कंदुरा, म्हणजे झगा, पांढरा, तर मूठही पांढरी हवी, मॅचिंग. याकूब म्हणाला, "मोहिद्दीनभाई, पांढऱ्यावर पांढरं दिसणार कसं?"

हा वाद घालायचा प्रकार झाला, याला चर्चा म्हणत नाहीत.

पुढे म्हणाला, ते निकेलचं हमामखान्यातल्या तोटीसारखं दिसतं. कमरेला लावलं तर लोक खाली बादली धरतील. मुनीर हसला. मुनीर काउंटरवर असतो आणि जो शेवटी बोलला त्याच्या बाजूचा असतो. मी लगेच वांग्याचं बोललो. मग मुनीर त्यावर हसला. बरोबरी.

२८ फेब्रुवारी, जुम्मा

घरी. घर म्हणजे बरस्ती, खजुराच्या झावळ्यांचं. थंडीत ठीक असतं. उन्हाळ्यात आतली हवा डेगातल्या वाफेसारखी. बायकोने, हव्वाबीने, इथे सहा उन्हाळे काढले. तिला सांगितलं, सातवा पंख्याखाली. ती म्हणाली, "इन्शाल्ला." दरवर्षी तेच म्हणते, पण या वेळी आवाजात भरवसा जाणवला. किंवा खोकला असेल.

जहांआराला खोलीबद्दल सांगितलं. ती शाळेत जायला लागल्यापासून इंग्लिशमध्ये उत्तर देते. म्हणाली, "यू सेड सो लास्ट इयर, अब्बा." उच्चार उत्तम.

संकल्प: रोज नमाजनंतर देऱ्याच्या बाजूला पाहत उभं राहायचं. भावी मॅनेजरला एरिया माहीत हवा.

३ मार्च

ऑफिसात दोन पार्ट्या. हमाल काळ्याच्या बाजूचे. शिक्षितांमध्ये मी पांढऱ्याच्या बाजूचा. मुनीरने एक दिवस बगळ्याची बाजू घेतली, पण कोणी त्याला भाव दिला नाही म्हणून परतला.

याकूबचं म्हणणं, पिस्तुलाचं रूप म्हणजे ते खरं वाटलं पाहिजे. समोरच्याच्या पोटात गोळा आला पाहिजे. माझं म्हणणं, लग्नात कुणाच्या पोटात गोळा कशाला? तिथे बिर्याणी जायची असते. हे वाक्य मी रात्री तयार करून ठेवलं होतं, पण अगदी सुचल्यासारखं बोललो. अरबाबला ते हिंदीत सांगितलं. बिर्याणी एवढंच त्याला कळलं. तरी हसला.

वाळवंटातलं एक बदू गिऱ्हाईक टॉर्च घ्यायला आलं होतं. त्याला दोन्ही दाखवली. त्याने काळं हातात घेऊन वजन पाहिलं, पांढऱ्यात दाढी पाहिली. मी हा कौल माझ्या बाजूने धरतो. माल आरशासारखा असल्याशिवाय माणूस दाढी पाहत नाही.

७ मार्च

जिंकलो.

सविस्तर लिहितो. अरबाबकडे मोठी माणसं बसली होती. त्याने आम्हां दोघांना बोलावलं आणि म्हणाला, यल्ला, भांडा. याकूब म्हणाला, पांढऱ्याचं फिनिश वरवरचं आहे, खारी हवा लागली की उतरेल, मग दिसेल कसं? माणसं माना हलवू लागली.  तेवढ्यात याकूबच्या तोंडाकडे लक्ष गेलं. लहानपणी त्याला देवी आल्या होत्या. गाल पाऊस पडून गेलेल्या वाळूसारखे आहेत. मी म्हणालो, "ज्याच्या स्वतःच्या चेहऱ्याचं फिनिश असं, त्याने फिनिशवर बोलू नये."

अरबाबने हिंदीत सांगायला लावलं. मी सांगितलं. त्याने अरबीत सांगितलं. असे तीन वेळा लोक हसले. एकाने तर याकूबला उजेडाकडे वळून उभं राहायला सांगितलं. आणि याकूब वळला. काय करणार, मोठा माणूस होता.

मग याकूबने काळा नमुना फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं आणि जागेवर जाऊन बसला.  लॉजिकपुढे माणूस गप्पच होतो.

पांढऱ्याची ऑर्डर, मोठी. काळ्याची थोडीशी, याकूबचं मन राखायला म्हणून. खलास.

८ मार्च

सकाळी याकूबला मी आधी सलाम केला. मोठेपणा जिंकणाऱ्याने दाखवावा. त्याने "वालेकुम" एवढंच म्हटलं.

हव्वाबीला कालची हकिगत सांगायला घेतली. मुनीरच्या बायकोकडून तिला आधीच कळली होती.  दुपारी डोक्यावरून ओढणी घेऊन बाहेर गेली, संध्याकाळी आली. कुठे गेली होतीस विचारलं, तर म्हणाली, "काम होतं." विजयाचा ताण घरच्यांवरही येतो.

२ मे

माल आला. मधले दिवस लिहिलं नाही, कारण काही घडत नव्हतं आणि मी देऱ्याकडे पाहत होतो.

पेट्या उघडल्या. ओळीने पांढऱ्या मुठी. डोळे निवले. वेलबुट्टी नमुन्याइतकी खोल नाही. काहींवर उलटी आहे. हाताने केलेल्या कामात असा जिवंतपणा असतो.

६ मे

प्रमोशन. अरबाबने मला डिस्प्ले-इन-चार्ज केलं. हुद्द्याचं नाव मी दिलं, पण काम त्याने दिलं. कमरेला पट्टा, पट्ट्यात पांढऱ्या मुठीचं पिस्तूल, आणि दुकानाबाहेर खोक्यावर उभं राहायचं. जाणाऱ्यायेणाऱ्यांना दिसलं पाहिजे. गोळ्या मिळणार नाहीत. तशी गरजही नाही. पर्सनॅलिटी पुरेशी आहे.

आत माझ्या टेबलावर याकूब बसतो. तात्पुरता.

११ मे

ऊन फार. पण प्रसिद्धी मिळू लागली. पोरं ओळखतात. लांबून "अरूस, अरूस" अशी हाक मारतात. माझं अरबी कामापुरतं पक्कं आहे, पण हा शब्द नवा. मुनीरला विचारलं. म्हणाला, सरदाराला म्हणतात.

घरी सांगितलं. जहांआरा मान खाली घालून म्हणाली, "इट मीन्स ब्राइड, अब्बा." मी म्हणालो, शाळेतलं अरबी आणि बाजारातलं अरबी यांत फरक असतो. ती म्हणाली, मी शाळेच्या बाजूच्या गल्लीतून येऊ नये. म्हणजे पट्टा लावून येऊ नये. मैत्रिणींसमोर. "प्लीज," असंही म्हणाली. शाळेत मॅनर्स शिकवतात.

१९ मे

काळी पिस्तुलं संपली. कारण उघड आहे. मुळात थोडी होती. थोडी असली की संपतात. आमची पुष्कळ आहेत, म्हणून उरली आहेत. हे मी अरबाबला समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि मला परत खोक्यावर जायला सांगितलं.

आज एका गिऱ्हाइकाने पांढरं हातात घेतलं, तर मूठ त्याच्याकडे राहिली आणि बाकीचं माझ्याकडे. मी म्हणालो, साफ करायला सोपं जावं म्हणून सुटी केली आहे. तो मूठ ठेवून घड्याळ घेऊन गेला. विक्री ती विक्री.

२८ मे

निकेल उतरतंय. शर्टाच्या डाव्या बाजूला काळे डाग. हव्वाबी धुते, जात नाहीत. मुठी पिवळ्या पडू लागल्या आहेत. हस्तिदंत जुना झाला की असाच होतो. हे प्लास्टिक आहे, पण वळण चांगलं.

बरस्तीत झोप नाही. जहांआराच्या पाठीवर घामोळ्या फुटून चिघळल्या. हव्वाबी तिला हाताने वारा घालत बसते. पंख्याबद्दल विचारलं नाही तिने. याआधी विचारायची.

संकल्प: अरबाबशी खोलीबद्दल स्पष्ट बोलायचं. उद्या.

२९ मे, जुम्मा

सुट्टी.

३० मे

अरबाबचा मूड नव्हता. लांबून दिसतं ते.

४ जून

आज पिस्तुलाचा प्रत्यक्ष उपयोग झाला. घटना नीट नोंदवून ठेवतो, पुढे लोक वेगवेगळं सांगतील.

भरदुपारी एका माणसाने काउंटरवरचा ट्रान्झिस्टर उचलला आणि चालू लागला. पळालाही नाही. मी तिथे उभा असून पळाला नाही, हे मला लागलं. मी खोक्यावरून उतरलो, पिस्तूल काढलं. पट्ट्यात जरा अडकलं, मग निघालं. त्याच्या छातीवर रोखून ओरडलो, "वक्कफ."

तो थांबला. वळला. पिस्तुलाकडे बघत बघत जवळ आला. कानामागची सिगारेट काढून ओठात धरली आणि नळीच्या टोकाशी वाकून उभा राहिला. पेटवून घ्यायला.

 मी काही केलं नाही. (घोडा दाबला होता. आत गेला, बाहेर आलाच नाही.) त्याने थोडा वेळ वाट पाहिली, सिगारेट परत कानामागे ठेवली, माझ्या गालावर हलकेच थोपटलं आणि म्हणाला, "शुक्रन, अरूस." मग ट्रान्झिस्टर घेऊन गेला. कोपऱ्यावर जाऊन त्याने तो चालू केला. आवाज स्वच्छ होता. आपला माल चांगला आहे.

गल्ली बराच वेळ हसत होती.

एक लक्षात घेण्याजोगं: तो थांबला. म्हणजे पिस्तुलाच्या रूपाचा परिणाम झाला. याकूबच्या काळ्याला पाहून तो पळाला असता. मग थांबवलं असं म्हणता आलं नसतं.

६ जून

अरबाबने मजलिसमध्ये बोलावून तो प्रसंग करून दाखवायला सांगितला. मुनीर चोर झाला. मी मीच. पाहुण्यांना इतकं आवडलं की परत करायला लावलं. दुसऱ्या वेळी मुनीरने गालावर जरा जोरात मारलं. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, अजून जोरात. मुनीरने ऐकलं. मग बाहेरून आणखी दोघं आले, त्यांनी पाहिलं नव्हतं.

लोक डोळे पुसत होते. काहीजण हेलावले असावेत.

याकूब चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभा होता. तो एकटाच हसला नाही. जमिनीकडे पाहत होता. जळतो.

घरी येईपर्यंत कान वाजत होता. अजून वाजतोय.

१३ जून

देऱ्याचं दुकान याकूबला मिळालं.

यात मला काही वाटत नाही. देऱ्याचा काठ दमट. शिवाय रोज अब्रा पकडायची, लाकडी होडी ती, पाय घसरतो. आणि पंखा जुना आहे म्हणे, आवाज करतो. अशा खोलीत माणसाला झोप येत नाही. मी नाकारलीच असती. विचारलं असतं तर.

अरबाब म्हणाला, "मोहिद्दीन, तुम दुकान में अंदर जाएगा तो बाहर कौन हंसाएगा?" म्हणजे माझ्यावाचून अडतं.

याकूबचं अभिनंदन केलं. हात पुढे केला. त्याने हात घेतला आणि म्हणाला, "तुमच्या मुलीला बरं आहे का आता?" विषय कसा बदलायचा हे त्याच्याकडून शिकावं.

२० जून

संध्याकाळी आलो तर हव्वाबी पत्र्याची ट्रंक बांधत होती. जहांआरा चपला घालून बसलेली.

"कुठे?" मी विचारलं.

"देऱ्याला. मरियमबीकडे."

मरियमबी म्हणजे याकूबची बायको. मी म्हणालो, त्या माणसाच्या घरी माझी बायको राहणार?

हव्वाबी ट्रंकेचा दोर आवळत म्हणाली, "तुम्ही त्याच्या तोंडावर बोललात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले होते. माफी मागायला. माझी मान वर होईना. तिने मला आत घेतलं, पेज दिली. तेव्हापासून जाते मी. खोली मोठी आहे. मधे चादर लावली की होतं, असं तीच म्हणाली. पोरीची पाठ बघितलीत का तुम्ही? रात्रभर पालथी पडून रडते."

मी म्हणालो, मला कुणी सांगितलं नाही.

"ती तुमच्या शेजारीच झोपते," हव्वाबी म्हणाली.

मग दोर बांधून झाल्यावर म्हणाली, "याकूबभाईंनी विचारायला सांगितलंय, तुम्हीही येता का?"

मी सांगितलं की डिस्प्ले-इन-चार्ज माणूस बर दुबई सोडू शकत नाही. पोझिशन असते. ती "बरं" म्हणाली. एरवी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते. जेवायचं का, हेसुद्धा दोनदा विचारते. मी थांबलो होतो. तिने ट्रंक उचलली.

ट्रंक मी अब्रेपर्यंत नेऊन दिली. जहांआराने होडीतून हात केला. म्हणाली, "बाय, अब्बा. ड्रिंक वॉटर."

आता बरस्तीत हवा पुष्कळ खेळते. तिघांची जागा एकट्याला.

२६ जून, जुम्मा

अख्खा दिवस मोकळा. असे दिवस मिळत नाहीत. काय करावं ठरवण्यात गेला.

संकल्प: पुढच्या जुम्म्याला देऱ्याला जायचं. फक्त पंख्याचा आवाज कसा येतो ते पाहायला.

३ जुलै, जुम्मा

काठापर्यंत गेलो. होड्यांना गर्दी होती. (चार-पाच माणसं.) परत आलो.

८ जुलै

उरलेली पांढरी पिस्तुलं अरबाबने कोळ्यांना काढून दिली. जाळ्याला वजन म्हणून लावतात. तरंगतात म्हणून मुठी काढून हव्या होत्या. ते काम माझ्याकडे आलं, कारण माल मी निवडला होता. फार जोर लागत नाही, हातानेच निघतात. दिवसभरात मुठींचा ढीग झाला. मुनीर म्हणाला, उरलेलं आता खरंच तोटीसारखं दिसतं. मी हसलो नाही. कोळीही हसले नाहीत. त्यांना रूपाशी देणंघेणं नव्हतं, त्यांनी तोलून घेतली.

खोकं काढून टाकलं. पट्टा माझ्याकडेच आहे, कुणी मागितला नाही.

उद्यापासून कुठे बसायचं, हे विचारायला हवं. माझ्या टेबलावर मुनीर बसतो.

१० जुलै, जुम्मा

दुपारी जहांआरा याकूबबरोबर आली. याकूब बाहेरच, उन्हात उभा राहिला. आत ये म्हणालो नाही. तोही थांबतो म्हणाला नाही, पण थांबला. जहांआराची पाठ आता बरी आहे. पंख्याचा आवाज येतो का विचारलं. म्हणाली, "नॉट मच."

डबा आणला होता. हव्वाबीने दिलेला. तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण. मी तिच्यासमोरच जेवलो, सगळं. डबा धुऊन परत दिला आणि अम्माला सांग म्हणालो, मीठ कमी होतं.

मीठ बरोबर होतं.